उजव्या चाकाचं हब

आमच्या घरात हळू बोलायची सोयच नव्हती. वाकोल्यातली चाळीची एक खोली, तिला लागून पुढे पत्रा टाकलेलं बाबांचं गॅरेज, आणि डोक्यावरून दर पाच-सात मिनिटांनी विमान. विमान आलं की बोलणारा वाक्याच्या मध्येच थांबायचा, ऐकणाराही थांबायचा, आणि ते गेलं की जिथे सोडलं होतं तिथून पुढे सुरू. पाहुण्यांना याची गंमत वाटे, आम्हाला ते शिंक आल्याइतकं साधं होतं. आईनं तर कुकर माळ्यावर टाकून दिला होता. विमानाच्या आवाजात शिट्ट्या मोजता येत नाहीत म्हणायची, आणि खरंच आमचं वरण शेवटपर्यंत पातेल्यातच शिजत राहिलं. खोलीत रॉकेलचा, ग्रीसचा आणि फोडणीचा असा एकत्र वास असायचा. शाळेत मैत्रिणी नाक मुरडायच्या तेव्हा मला कळायचंच नाही की यांना नक्की कशाचा वास येतोय.

पण मोठ्यानं बोलायचं खरं कारण विमान नव्हतं. बाबांना ऐकू येत नव्हतं. ते अकोल्याकडचे, तरुणपणी लष्कराच्या वर्कशॉपात गाड्यांवर काम शिकलेले. तिथली वर्षं आणि नंतरची वाकोल्यातली हातोडी यांत त्यांचा डावा कान पुरता गेला होता आणि उजवा अर्धा. मी दहावीला असेपर्यंत ही गोष्ट पक्की झाली होती आणि ती आम्ही तिघांनीच जाणायची असं, कुणी न सांगता, ठरून गेलं होतं. मिस्त्री गाडीचं दुखणं कानानं ओळखतो. बहिऱ्या मिस्त्रीच्या हाती कोण गाडी देणार? त्यामुळे गिऱ्हाईक आलं की मी बाबांच्या उजव्या हाताला उभी राहायची आणि त्याचं बोलणं सहज विचारल्यासारखं परत उच्चारायची. इंजिन सुरू झालं की बाबा त्यावर मान झुकवून गंभीर चेहऱ्यानं उभे राहत, आणि डोळे माझ्याकडे. "वाजते का, माय?" एवढंच विचारायचे. मी मान हलवली की ते गिऱ्हाइकाला दुखणं सांगायचे. लोक म्हणायचे, वामन मिस्त्रीसारखा कान अख्ख्या वाकोल्यात नाही. मला तेव्हा हसू आवरायचं नाही, आणि अभिमानही वाटायचा. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकच्या वर्गात मी एकटी मुलगी होते, तिथल्या पोरांनी छळ छळ छळलं, पण घरी आल्यावर मी बाबांचा कान होते.

फोर-व्हील, म्हणजे चारही चाकांनी ओढणाऱ्या गाड्यांचं काम तेव्हा फार थोड्या मिस्त्रींना येई. म्हणून वर्सोव्याच्या चंपामावशी आपला ट्रक घेऊन आमच्याकडे येत. लष्कराच्या लिलावातला तो जुना फोर-व्हील ट्रक. पावसाळ्यापूर्वी होड्या वाळूवरून वर ओढायच्या, एरवी बर्फ आणि मासळी वाहायची. ट्रक चंपामावशींचा, शब्दही चंपामावशींचाच. त्यांचे यजमान, धर्माकाका, मऊ स्वभावाचे, बायको बोलत असली की विडी ओढत हसत बसणारे. मला ते 'इंजिनेर' म्हणायचे. येताना सुके बोंबील, कधी ताजी मांदेली आणायचे. आई बिचारी नदीकाठच्या गावातली, बोंबील कशाशी खातात तिला ठाऊक नव्हतं, तिनं सरळ आमचा वऱ्हाडी काळा मसाला घालून तिखटजाळ रस्सा केला. धर्माकाकांनी तो भाकरीबरोबर खाल्ला, डोळ्यांतून पाणी काढलं आणि म्हणाले, "वैनी, आमच्या बोंबलाला कंदी असा राग आला नव्हता." पुढे ते दर वेळी तोच रस्सा मागायचे.

हब म्हणजे काय ते इथे सांगून टाकते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. इंजिनाची ताकद एरवी मागच्या दोन चाकांना मिळते. वाळूत पुढच्या चाकांनीही ओढलं पाहिजे, आणि त्यासाठी पुढच्या प्रत्येक चाकाच्या मधोमध जो लोखंडी डबा असतो, त्यानं चाकाला आतल्या आसाशी जोडून घ्यायचं असतं. तो डबा म्हणजे हब. जुन्या हबवर एक चकती असे. गाडीतून उतरायचं आणि दोन्ही चाकांवरच्या चकत्या हातानं फिरवायच्या. धर्माकाकांची बोटं तेव्हा सुजायला लागली होती आणि खाऱ्या पाण्यानं चकत्या जाम झालेल्या. गुडघाभर पाण्यात वाकून, पान्यानं ठोकून ते त्या फिरवत. शेवटी चंपामावशींच्या आखातातल्या भाच्यानं ऑटोमॅटिक हबांचा जोड पाठवला. याला हात लावावा लागत नाही. आत बसून दांडा ओढला, गाडी थोडी पुढे घेतली, की आतले तुकडे आपणहून सरकतात, 'टक्' असा आवाज होतो आणि चाक धरलं जातं. गाडी जरा मागे घेतली की सुटतं. मात्र दोन्हींपैकी एक बाजू धरली नाही तर दुसरी धरून उपयोग नाही, सगळी ताकद मोकळ्या बाजूनं निघून जाते. म्हणून बसवल्यावर दोन्ही चाकांचा आवाज ऐकायचाच. हे मला तेव्हाही नीट माहीत होतं.

मे महिन्यातली सकाळ होती. चंपामावशी आणि धर्माकाका बाकावर चहा पीत बसले होते. आम्ही ट्रक जॅकवर घेतला, जुनी हबं उतरवली, आत लाल गंजाचा चिखल निघाला. मी सगळं रॉकेलनं धुतलं, बेअरिंग साफ करून नवं ग्रीस भरलं, खोक्यातली नवीन नटं बसवली, चाक हातानं फिरवून ते जड नाही आणि डुगडुगतही नाही ते बघितलं. हे काम मला फार छान जमत होतं आणि धर्माकाका बघत होते म्हणून मी जरा जास्तच ऐटीत करत होते. खोक्यात एक घडीचा कागद होता, इंग्रजीत. बाबांना इंग्रजी येत नव्हतं. मी तो आदल्या दिवशी दोनदा वाचला होता. त्यात ठळक लिहिलं होतं की बेअरिंगला ग्रीस भरा, पण हबच्या आत भरू नका, नुसता हलका हात फिरवा, नाहीतर आतले तुकडे अडकतील.

आता बाबांचा नियम असा की वर्सोव्याच्या गाडीला जिथे पोकळी दिसेल तिथे ग्रीस ठासायचं. खारं पाणी शिरायला जागाच ठेवायची नाही. त्यांच्या त्या नियमानं कित्येक गाड्या समुद्रापासून वाचल्या होत्या, हे खोटं नाही. त्यांनी ग्रीसचा डबा माझ्याकडे सरकवला. "भर. दाबून भर."

"बाबा, यात नाही भरायचं. कागदावर लिहिलंय. आतले तुकडे मोकळे पाहिजेत."

मी त्यांच्या कानाशी हे बोलले, म्हणजे अर्थातच मोठ्यानं, आणि ते बाकापर्यंत पोचलं.

"पोरीचं आयका वो मिस्त्री," धर्माकाका हसत म्हणाले, "शिकलेली हाय ती."

हे बाबांना ऐकू गेलं नसावं, पण धर्माकाकांचं हसणं दिसलं. बाबांचा चेहरा ताठ झाला. "खारं पाणी कागद वाचत नाही," ते म्हणाले. "चार बुकं काय शिकली, बापालेच शिकवते. तुले काय समजते व समुद्रातलं? भर म्हटलं तर भर."

चंपामावशी म्हणाल्या, "काय गो, बापाशी भांडतंस?" आणि त्याही हसल्या.

वीस वर्षांच्या मुलीला किती राग येऊ शकतो, हे आज आठवलं तरी कानशिलं गरम होतात. त्यांच्या वतीनं मी जगभराचं ऐकत होते, आणि मला मात्र चारचौघांत गप्प बस. मी डबा पुढ्यात ओढला. डब्यात चार बोटं घातली आणि ग्रीस ठासलं. डावीकडे बाबांचं लक्ष दुसरीकडे होतं म्हणून थोडं कमी, उजवीकडे ते समोर उभे होते म्हणून अगदी काठोकाठ. भर म्हणता ना, घ्या भरून. त्याच हातांनी बोल्ट आवळले.

मग तपासणी. बाबा ट्रकमध्ये बसले, मी खाली चाकाबरोबर चालायचं. डाव्या चाकाच्या वेळी गाडी गल्लीत जेमतेम पुढे सरकली आणि स्वच्छ आवाज आला, टक्. मी हात वर केला. त्यांनी गाडी मागे घेतली, मी उजवीकडे गेले. गाडी पुढे निघाली आणि नेमकं विमान आलं. पुढे कित्येक वर्षं मी स्वतःला त्या विमानाचं निमित्त देत राहिले. पण खरं सांगायचं तर विमान गेल्यावरही गाडी दहा-बारा पावलं चालत होती, आणि चाकातून आवाज आला नाही. मी अगदी वाकून चालत होते. आला नाही.

बाबांनी खिडकीतून मान काढली. "वाजलं का, माय?"

मी मान हलवली. वाजलं.

त्या क्षणी डोक्यात काय होतं, तेही लिहिते. मला वाटलं, ट्रक वाळूत रुतेल, दोन दिवसांत कुरकुरत परत येईल, मग याच बाकावर बसलेल्या याच माणसांसमोर बाबांना म्हणावं लागेल की सुजाताचं, म्हणजे माझं, बरोबर होतं. यापलीकडे मी काहीही बघितलं नाही. आता साठी उलटली आहे, एका संस्थेत मुलींना हेच काम शिकवते. हब उघडून दाखवताना ग्रीसचा धडा मी दर वर्षी देते, पोरी वहीत लिहून घेतात, आणि एखादी हमखास विचारते, "मॅडम, भरलं तर काय होईल?" मी म्हणते, धरणार नाही. बाकीचं आजवर कुठल्या वर्गात सांगितलेलं नाही.

चौथ्या दिवशी दुपारी वर्सोव्याहून निरोप आला. नवीन हबं बसल्यामुळे आता कुणी खाली उतरून चकत्या फिरवायची गरज नव्हती, म्हणून एरवी धर्माकाका चालवत तो ट्रक चंपामावशी स्वतः चालवत होत्या आणि धर्माकाका होडीमागे होते. ओंडक्यांवरून होडी वर ओढताना ती मागे घरंगळू नये म्हणून तिच्यामागे लाकडाची उटी सरकवत जायचं, हे त्या दिवशी त्यांचं काम. ट्रकनं चढावर अर्ध्यात दम सोडला. पुढच्या चाकांत ओढच नव्हती, मागची वाळू उडवत खाली गेली, ट्रक तसाच मागे घसरला आणि होडीही. धर्माकाका उटी लावायला वाकले होते. उजवा पाय गुडघ्यापासून खाली होडीखाली सापडला.

वर्सोव्याच्या पोरांनी संध्याकाळी तो ट्रक दुसऱ्या गाडीला बांधून आमच्या दारात आणून सोडला. बाबांनी कुणाला हात लावू दिला नाही. उजवं हब त्यांनी स्वतः उघडलं. मी दारात उभी होते. ग्रीस तसंच होतं, त्यावर माझ्या बोटांचे ठसेसुद्धा होते, आणि आतले तुकडे त्यात रुतून जागच्या जागी. एकदा जरी ते सरकले असते तरी ग्रीसमध्ये वाट पडली असती. बाबांनी एक तुकडा बोटानं ढकलून बघितला. मग डावं उघडलं. त्यात वाट पडलेली होती. दोन्ही हबं त्यांनी शेजारी-शेजारी ठेवली. माझ्याकडे बघितलं नाही. मग म्हणाले, "तो कागद वाचून दाखव. सगळा." मी वाचला, मराठीत सांगत सांगत, मोठ्यानं. ऐकून झाल्यावर त्यांनी मान हलवली आणि दोन्ही हबं रॉकेलमध्ये बुडवली. मला जेवण गेलं नाही. आई म्हणाली, ऊन लागलं असेल.

दुसऱ्या दिवशी आम्ही सरकारी दवाखान्यात गेलो. आईनं रश्श्याचा डबा दिला होता. धर्माकाकांना आत ठेवलं होतं, पाय राहील पण पूर्वीसारखा होणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. चंपामावशी बाहेरच्या बाकावर बसल्या होत्या. कमरेला लुगडं तसंच वाळूचं. एवढी कडक बाई, पण आम्हाला बघून उठली नाही की ओरडली नाही. तळहाताकडे बघत म्हणाली, "मिस्त्री, मना येकच सांगा. मी पाय जास्त दिला काय? माज्या हातानं झालं काय? दोन्ही बाजू धरतात ते तुम्ही बगितलं होतं ना?"

बाबांना कळलं नाही. त्यांनी सवयीनं मान माझ्याकडे वळवली. मी उजव्या हाताला सरकले, सवयीनंच, आणि विचारल्यासारखं करून बोलले, "दोन्ही बाजू तपासल्या होत्या का, विचारतायत."

बाबा माझ्याकडे बघत होते. हातभरावरून. मला आयुष्यात तेवढं जवळून कुणी बघितलेलं नाही. माझ्या तोंडून तेव्हा एक शब्द निघाला असता तर पुष्कळ गोष्टी वेगळ्या झाल्या असत्या. निघाला नाही. मी डब्याची कडी धरून उभी राहिले.

बाबा चंपामावशींकडे वळले. "तुमच्या हातानं नाही झालं," ते म्हणाले. "उजव्या चाकाचं हब धरतच नव्हतं. ग्रीस म्याच भराले लावलं. अन् उजवं चाक पाहाचं माह्याकडून राहून गेलं."

"राहून गेलं?"

"राहून गेलं."

चंपामावशींनी पदर तोंडाशी नेला. मग रडायला लागल्या, पहिल्यांदाच, आणि मला ते रडणं सुटकेचं वाटलं. पदर तोंडाला लावूनच म्हणाल्या, "मंग तुमचा हात खोटा झाला, मिस्त्री. परत माज्या दारात येऊ नका." हे मला बाबांच्या कानात सांगायची गरज पडली नाही. डबा तसाच परत आला.

त्यानंतर वर्सोव्याच्या गाड्या आमच्याकडे यायच्या बंद झाल्या. दोन्ही हबं बाबांनी कागदाप्रमाणे बसवून दिली, ट्रक घेऊन गेला तो एक परका ड्रायव्हर. हबं बसवताना मी उजव्या हाताला जाऊन उभी राहिले होते, पण बाबांनी चाक जॅकवर घेतलं, एका हातानं आस फिरवला आणि दुसऱ्या हाताचा तळवा हबवर ठेवून टक् हाताला लागतं का ते बघितलं. दोन्ही बाजूंनी तसंच. मला काही विचारलं नाही. मग इंजिनाच्या कामालाही ते लांब स्क्रू-ड्रायव्हर वापरायला लागले, एक टोक इंजिनावर, मूठ दातांत धरून, म्हणजे इंजिनाची धडधड हाडांतून कळे. लोकांना ती नवी ऐट वाटली. आईनं विचारलं, "हिला काहून नाही बोलवत?" तर म्हणाले, "तिचा अभ्यास आहे." माझा अभ्यास केव्हाच संपला होता. मला त्यांनी मारलं असतं, चार शिव्या दिल्या असत्या, तर मी त्यांचे पाय धरले असते. ते माझ्याशी पूर्वीसारखेच बोलत, भाकरीतला पापुद्रा माझ्या ताटात टाकत. फक्त कानाचं काम काढून घेतलं होतं.

मला ते सहन होईना. जुलैत एका सकाळी, आई चाळीच्या नळावर भांडी घासत होती, बाबा गॅरेजात पाटावर बसून रॉकेलमध्ये सुटे भाग धूत होते. आत्ता सांगायचं, असं मी ठरवलं. एक विमान जाऊ दिलं, दुसरं जाऊ दिलं. मग त्यांच्या बाजूला जाऊन उभी राहिले. डाव्या बाजूला. ती बाजू मी का निवडली, हे मला चांगलं माहीत आहे.

"बाबा," मी म्हणाले, "त्या दिवशी उजवं चाक वाजलं नव्हतं. मला माहीत होतं."

त्यांनी मान वर केली. "काय म्हणतं?"

"वाजलं नव्हतं."

"मोठ्यानं बोल, माय. आयकू नाही येत."

नळावर पाच-सहा बायका होत्या. चंपामावशींच्या शेजारची एक मासळीवाली तिथेच पाणी मागायला थांबली होती. अख्ख्या चाळीला ऐकू जाईल अशा आवाजात मी रोज बोलायची, जन्मभर तशीच बोलत आले होते. बाबा ओले हात गुडघ्यावर ठेवून माझ्या तोंडाकडे बघत थांबले होते. ओठांवरून त्यांना काही कळलं होतं की नाही, मी आजही सांगू शकत नाही. ते गेले त्यालाही आता वर्षं झाली.

"जेवायला चला," मी ओरडून म्हणाले. "आई बोलावतेय."

ते उठले, फडक्यानं हात पुसले, नळापाशी आई राख लावून पातेलं घासत बसली होती तिच्या अंगावरून आत गेले. चुलीवर काहीच नव्हतं. त्यांनी मांडणीतून आपलं ताट काढलं, समोर ठेवलं, आणि काही न विचारता भाकरीची वाट बघत बसून राहिले.